लहान फुटबॉल स्टेडियमची रचना : पाच हजार प्रेक्षकांचा हिशेब

नागपूर शहराला क्रिकेटची दोन मोठी घरे आहेत. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे जुने मैदान हे एक, तर वर्धा मार्गावर जामठा येथे २००८ मध्ये कसोटी क्रिकेटसाठी खुले झालेले स्टेडियम हे दुसरे. फुटबॉलची परंपरा येथे कमी जुनी नाही. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेली फुटबॉलची चळवळ याच शहरातली आणि तिच्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये देशभर पोहोचला. तरीही येथील फुटबॉल बहुतांशी इतर कामांसाठीही वापरल्या जाणाऱ्या मैदानांवर खेळला गेला. धंतोलीतील यशवंत स्टेडियम हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे फुटबॉलचे सामने झाले, तसेच सभा झाल्या आणि हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवनाकडे निघणारे मोर्चेही तेथूनच निघत आले. अशा शहरासाठी केवळ फुटबॉलचे, पाच हजार आसनांचे स्टेडियम कसे असावे, याचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे.

जागा किती लागते?

आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी प्रमाण मानलेले फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. राखीव खेळाडूंची जागा, सराव आणि सुरक्षित अंतर धरून १२५ बाय ८५ मीटरचा मोकळा पट्टा लागतो. केवळ दोन लांब बाजूंना गॅलऱ्या बांधल्या आणि प्रत्येक आसनाला अर्धा मीटर रुंदी दिली, तर १०५ मीटरच्या एका ओळीत ये-जा करण्याच्या वाटा वगळून सुमारे १९० प्रेक्षक बसतात. तेरा ओळींत जवळजवळ अडीच हजार आणि दोन्ही बाजू मिळून पाच हजार. म्हणजेच एवढ्या क्षमतेसाठी इमारत दुमजली घरापेक्षा उंच असण्याची गरज नाही. गॅलऱ्या व त्यांच्यामागील मार्गिका धरून सारे स्टेडियम साडेतीन ते चार एकरांत बसू शकते. वाहनतळाची जागा अर्थातच वेगळी.

ट्रॅकची अडचण

राज्यातील क्रीडा संकुलांच्या आराखड्यांत ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक आणि त्याच्या पोटात फुटबॉलचे मैदान ही जोडी रूढ आहे. एका खर्चात दोन खेळांची सोय होते, हा त्यामागील विचार. फुटबॉलच्या प्रेक्षकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. आठ पदरी प्रमाण ट्रॅकची वळणे इतकी मोठी असतात, की गोलरेषेपासून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे ३६ मीटर भरते. गोलच्या मागे बसलेल्याला पलीकडच्या गोलसमोरील चेंडू दीडशे मीटरच्या आसपास दूर दिसतो. शिवाय हा ट्रॅक एकटाच, गॅलऱ्या सोडून, चार एकर जागा घेतो. केवळ फुटबॉलसाठीच्या रचनेत पहिली ओळ बाजूच्या रेषेपासून सात-आठ मीटरवर आणता येते. खेळाडूंची हाक आणि चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज ऐकू येतो, तो याच अंतरामुळे.

मुंबई सिटी एफसी या संघाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. इंडियन सुपर लीगच्या २०१४ आणि २०१५ च्या हंगामांत या संघाचे घरचे सामने नेरूळच्या सुमारे ५५ हजार क्षमतेच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातील, दहा हजारांहूनही कमी आसनांच्या मुंबई फुटबॉल अरीनामध्ये आला. मोठ्या वाडग्यात विरळ वाटणारी गर्दी लहान जागेत भरगच्च दिसते.

दृष्टिरेषेचे गणित

गॅलरीच्या पायऱ्यांची उंची अंदाजाने ठरवायची नसते. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या वरून मागच्याची दृष्टिरेषा किती मिलिमीटर उंचीने जाते, यावर ती ठरते. हे अंतर १२० मिलिमीटर असेल तर पुढच्याच्या डोक्यावरून जवळची रेषा स्पष्ट दिसते. ९० मिलिमीटर समाधानकारक मानतात. ६० मिलिमीटरला दोन डोक्यांच्या फटीतून पाहावे लागते.

पहिल्या ओळीतील प्रेक्षकाचा डोळा जमिनीपासून १.८ मीटर उंच, बाजूची रेषा ७ मीटरवर आणि प्रत्येक ओळीची खोली ८० सेंटिमीटर धरली, तर ९० मिलिमीटरसाठी दुसरी ओळ सुमारे ३१ सेंटिमीटर उंच हवी. हेच गणित पुढे नेल्यास दहाव्या-अकराव्या ओळीपाशी पायरी ३६ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणून चांगल्या गॅलरीचा चढ सरळ नसतो, मागे जाताना तो किंचित तीव्र होत जातो. बांधकाम सोपे जावे म्हणून सर्व पायऱ्या सारख्याच उंचीच्या केल्या, की मागच्या ओळींतील प्रेक्षक उभे राहू लागतात आणि मग कोणालाच नीट दिसत नाही.

या विद्येचा जुना धडा महाराष्ट्रातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे कलोसियम पाहिले आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत जाणारा उतार, अशी ही रचना. लहान फुटबॉल मैदानालाही हा मार्ग परवडणारा आहे. मैदानासाठी खोदलेल्या मातीचा भराव घालून, त्यावर मुरूम व काँक्रीटच्या पायऱ्या बसवल्या, तर खांब-तुळयांचा मोठा खर्च वाचतो. अट एवढीच, की भराव थराथराने नीट दाबलेला हवा.

ऊन, वारा आणि छप्पर

फुटबॉल मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे मावळतीचा सूर्य कोणत्याही गोलरक्षकाच्या डोळ्यांत येत नाही. नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो. हिवाळ्यातील सामने अधिक असतील, तर मैदानाचे उत्तर टोक थोडे पश्चिमेकडे वळवणे हिताचे. मुख्य गॅलरी पश्चिमेला असावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन प्रेक्षकांच्या पाठीशी राहते. पैसा एकाच छपरापुरता असेल, तर तेही याच बाजूला घालावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात सावली आणि पिण्याचे पाणी या चैनीच्या वस्तू नव्हेत.

छपराला पुढच्या कडेला खांब दिले, तर ते नेमके दृष्टिरेषेत येतात. म्हणून आधार मागे ठेवून छप्पर पुढे झुकते सोडतात. अशा छपराला पावसाच्या वजनापेक्षा खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा धोका मोठा. भारतीय मानकाने नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. उन्हाळी वादळात पत्रे उडू नयेत, यासाठी मागचे नांगर आणि पाया त्या हिशेबाने बांधावे लागतात.

काळी माती आणि पाणी

विदर्भातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, तर काही वर्षांत पायऱ्यांना तडे जातात. पाया खालच्या मुरमापर्यंत नेणे किंवा तळाशी फुगीर असणारे काँक्रीटचे खुंट वापरणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय.

मैदानाखालीही ही माती चालत नाही, कारण ती पाणी धरून ठेवते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर केवळ खेळण्याच्या जागेवर साडेतीन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. ते वाळूच्या थरातून खालच्या सच्छिद्र नळ्यांत आणि तेथून साठवण टाकीत गेले, तर उन्हाळ्यात गवताला उपयोगी पडते. क्रीडांगणांवरील ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपल्या हरळीचेच कूळ. त्याला उष्णता मानवते, सावली मानवत नाही. कृत्रिम गवत पावसाळ्यात सोयीचे असले, तरी उन्हात ते नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते.

बाहेर पडण्याच्या वाटा

स्टेडियमची खरी परीक्षा सामना संपल्यावर होते. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी फुटबॉल सामन्यातील चेंगराचेंगरीत १६ जण दगावले. नागपूरनेही असे दुःख पाहिले आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्याच्या वेळी सिव्हिल लाइन्सच्या मैदानात प्रेक्षक गॅलरीची भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते.

ब्रिटनच्या क्रीडांगण सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसे उतरतात आणि सर्व प्रेक्षक आठ मिनिटांत बाहेर पडावेत. या हिशेबाने पाच हजारांसाठी जिन्यांची एकूण रुंदी किमान साडेनऊ मीटर हवी, म्हणजे १.२ मीटरचे आठ जिने. एखादी वाट बंद पडली तर काय, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जिना जास्तीचा धरावा. कठडे, दरवाजे आणि भिंती गर्दीचा रेटा सोसतील अशाच हव्यात. दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडावेत आणि सामना चालू असताना त्यांना कुलूप नसावे.

यातील एकाही गोष्टीसाठी परदेशी तंत्रज्ञानाची किंवा अवाढव्य जागेची गरज नाही. मोजून काढलेल्या पायऱ्या, पश्चिमेचे छप्पर, पाण्याचा निचरा आणि पुरेसे जिने एवढ्यावर लहान स्टेडियम उत्तम ठरते. मात्र हे निर्णय आराखड्याच्या पहिल्या कागदावरच घ्यावे लागतात. एकदा मैदानाभोवती ट्रॅक आखला गेला किंवा गॅलरी चुकीच्या बाजूला उभी राहिली, की पुढच्या दोन पिढ्यांना तेथूनच सामना पाहावा लागतो.