फुकटचा लामा : अमेरिकेतील एका तेजीचा, मंदीचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बचावकार्याचा इतिहास

एखादे जनावर आज हजारो डॉलरांना विकले जाते आणि पंधरा-वीस वर्षांनी तेच जनावर कुणी फुकटही नेत नाही. मधल्या काळात ना त्याची जात बदलली, ना लोकर, ना स्वभाव. मग नेमके काय बदलले? अमेरिकेतील लामा आणि अल्पाका यांच्या बाबतीत हे घडले. आज तिथे या प्राण्यांना सोडवून नवी घरे मिळवून देणाऱ्या संस्था आहेत, त्या या घडामोडीतूनच जन्मल्या. हा धागा त्यांच्याविषयी आहे. पण सुरुवात अँडीज पर्वतापासून करावी लागेल.

लामा आणि अल्पाका ही उंटाची दक्षिण अमेरिकी भावंडे. पाठीला मदार नाही, पण रवंथ करण्याची ढब आणि रागावल्यावर थुंकण्याची खोड उंटाचीच. सुमारे सहा ते सात हजार वर्षांपूर्वी अँडीजच्या उंच पठारांवर माणसाने त्यांना माणसाळवले. लामा हा रानटी ग्वानाकोचा वंशज, तर अल्पाका हा व्हिकुन्याचा. लामा मोठा, ओझ्याचा. अल्पाका लहान, लोकरीचा.

इंका साम्राज्यात या कळपांचा हिशेब गाठी मारलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे किपूवर ठेवला जाई. राज्याचे कळप वेगळे, देवस्थानांचे वेगळे, गावकीचे वेगळे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. त्या व्यवस्थेत एकही जनावर निरुपयोगी नव्हते. मादी वंश वाढवी. नर पंचवीस-तीस किलोचे ओझे घेऊन घाट चढे. लोकरीचे कापड होई, मांस वाळवून ठेवले जाई, लेंड्या चुलीत जळत आणि बटाट्याच्या शेताला खत म्हणून जात. अँडीजमधल्या गुराख्याला ‘जास्तीचा नर’ ही कल्पनाच कळली नसती.

सोळाव्या शतकात स्पॅनिश विजेते आले. युद्ध, रोगराई आणि मेंढ्या-गुरांचे आक्रमण यांत हे कळप प्रचंड प्रमाणात नष्ट झाले. जे उरले ते उंच, थंड आणि परक्यांना नकोशा वाटणाऱ्या माळांवर. युरोपला अल्पाकाची खरी ओळख पटली ती एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने १८३० च्या दशकात त्याच्या लोकरीपासून चकचकीत कापड काढण्याची युक्ती साधली आणि त्या पैशावर सॉल्टेअर हे गिरणीगाव वसवले. लोकरीला मोल आले, तेव्हा जनावर आपल्याच वसाहतीत का वाढवू नये, असा विचार साहजिकच पुढे आला.

पेरू आणि बोलिव्हिया जिवंत अल्पाका देशाबाहेर जाऊ देत नव्हते. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने काही वर्षे खटपट करून एक कळप डोंगरांवरून हाकत चोरवाटेने चिलीच्या किनाऱ्यावर आणला आणि १८५८ च्या नोव्हेंबरात अडीचशेहून अधिक जनावरे सिडनीला उतरवली. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने ती विकत घेतली, पण लवकरच उत्साह मावळला आणि १८६० च्या दशकातच तो कळप मोडला. (हाच लेजर पुढे सिंकोनाच्या बियांमुळे प्रसिद्ध झाला. जावा बेटावरचे डचांचे क्विनाइनचे साम्राज्य त्याच्याकडून घेतलेल्या बियांवर उभे राहिले. अल्पाकाने त्याला काही दिले नाही.) जनावर आणले, पण त्याला सामावणारी जीवनपद्धती मागेच राहिली, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

आता अमेरिका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लामा तिथे मुख्यतः शोभेचा प्राणी होता. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्या कॅलिफोर्नियातील खासगी प्राणिसंग्रहातही लामा होते. पुढे लाळ्या-खुरकुताच्या भीतीने दक्षिण अमेरिकेतून जनावरे आणण्यावर बंदी आली आणि कळप वाढायचा तो आतल्या आतच वाढू लागला. दुर्मीळता ही अशी आपोआप तयार झाली. सत्तरच्या दशकात ओरेगॉनसारख्या पश्चिमेकडील राज्यांत लामापालनाने मूळ धरले. डोंगरात भटकणाऱ्यांचे सामान वाहणारा, दिसायला देखणा, गायीपेक्षा कमी खाणारा प्राणी म्हणून तो शहर सोडून माळरानावर राहायला आलेल्या सुखवस्तू लोकांच्या मनात भरला. ऐंशीच्या दशकात चांगल्या मादीला हजारो डॉलर मोजले जात. १९८४ च्या सुमारास चिलीतून अल्पाका येऊ लागले. लामाची लाट ओसरू लागली तेव्हा अल्पाकाची उसळत होती.

१९९८ मध्ये अमेरिकी अल्पाकांच्या वंशनोंदवहीने बाहेरून आलेल्या जनावरांसाठी दार बंद केले. कारण वंशशुद्धीचे दिले गेले. परिणाम मात्र असा झाला की, पेरूत अल्प किमतीत मिळणारा तोच प्राणी अमेरिकेत कृत्रिमरीत्या दुर्मीळ राहिला. त्यात करसवलतींची भर पडली. शेतीसाठी घेतलेल्या मालमत्तेची किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मर्यादा २००३ मध्ये २५ हजारांवरून १ लाख डॉलरांवर गेली, आणि पैदासीची जनावरे या सवलतीत बसत. टेलिव्हिजनवर जाहिराती झळकू लागल्या. निवृत्तीच्या उंबरठ्यावरची जोडपी आयुष्यभराची पुंजी घेऊन या धंद्यात उतरली.

२००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टीना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या कृषी-अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अल्पाकाच्या लोकरीतून मिळणारे उत्पन्न आणि त्याची बाजारातली किंमत यांचा काही मेळच नाही. ही किंमत टिकते ती केवळ उद्या कुणीतरी नवा पैदासकार ते जनावर याहून अधिक भावाने घेईल या आशेवर. वर्षाकाठी एक अल्पाका दोन-तीन किलो लोकर देतो. तेवढ्यावर काही हजार डॉलर कधी फिटणार? व्यावसायिकांना हा निष्कर्ष अर्थातच रुचला नाही. महाराष्ट्रातील वाचकाला मात्र तो ओळखीचा वाटेल. २०१२ च्या सुमारास इथेही इमूपालनाचा फुगा याच रीतीने फुटला. अंडी-पिल्ले विकत घेणारा पुढचा शेतकरीच संपला, तेव्हा पक्ष्यांना दाणा घालणेही परवडेनासे झाले.

या फुग्यातला सर्वांत दुबळा घटक होता नर. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. निम्मी पिल्ले नर निघतात. पैदाशीला शंभरांतले चार-दोन नर पुरतात. अँडीजमध्ये उरलेले ओझी वाहत किंवा ताटात जात. अमेरिकेत लामाचे मांस खाण्याची रीत नव्हती आणि ओझी वाहायला ट्रक होते. म्हणजे हा धंदा पहिल्या दिवसापासून निम्मी जनावरे बेकार जन्माला घालत होता. तेजी होती तोवर ते झाकले गेले, एवढेच. २००८ च्या मंदीने ते झाकण उडवले. २००२ च्या अमेरिकी कृषी-गणनेत सुमारे १ लाख ४५ हजार लामा नोंदले गेले होते, २०१२ मध्ये सुमारे ७६ हजार. शेकडो डॉलरांचा भाव उरला, मग तोही नाही. मालक म्हातारे झाले, वारले, घरे विकली गेली आणि कुंपणात तीस-चाळीस जनावरे उभी राहिली.

त्यांना सोडवण्यासाठी पुढे आले ते मुख्यतः लामापालकच. राज्या-राज्यांत स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे पांजरपोळ येईल, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. पांजरपोळ जनावराला मरेपर्यंत सांभाळते. लामा-बचावाची यशस्वी पद्धत म्हणजे धर्मशाळा : आले, बरे झाले, पुढच्या घरी गेले. हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो, हे २०१०-११ च्या हिवाळ्यात माँटाना राज्यात दिसले.

पश्चिम माँटानात हॉट स्प्रिंग्ज गावाच्या परिसरात मोठ्या प्राण्यांसाठी एक आश्रयस्थान होते. नको असलेले जनावर तिथे स्वीकारले जाई. मंदीत देणग्यांचा ओघ आटला तेव्हा तिथे सुमारे १,२०० जनावरे होती आणि त्यांतले बहुसंख्य लामा. हिवाळ्याच्या तोंडावर वैरण संपत आली. मिसूला शहरातील ‘ॲनिमील्स’ ही संस्था आणि देशभरातील स्वयंसेवक धावून आले. गवत आणले, आजाऱ्यांची निवड केली आणि ट्रेलर भरभरून लामा अनेक राज्यांत नेले. ज्यांना एकदा वाचवून तिथे आणले होते, त्यांनाच दुसऱ्यांदा वाचवावे लागले. त्या आश्रयस्थानाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र आत येणारा दरवाजा सदैव उघडा आणि बाहेर जाणारा जवळजवळ बंद, ही रचना कधीतरी कोसळणारच होती.

म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्या संस्थांचे नियम वरवर कठोर वाटतात. पहिले काम नराचे खच्चीकरण. दत्तक घेणाऱ्याकडून लेखी करार : पैदास करणार नाही, जनावर विकणार नाही, सांभाळणे अशक्य झाले तर संस्थेकडेच परत करीन. शक्यतो एकटे जनावर दिले जात नाही, कारण कळपाविना हा प्राणी झुरतो. आलेल्या जनावराची तब्येत डोळ्यांनी ठरवत नाहीत. दाट लोकरीखाली हाडांचा सापळाही गुबगुबीत दिसतो. पाठीच्या कण्यावर हात दाबून मास किती ते पाहावे लागते. अल्पाकाची लोकर वर्षातून एकदा कातरलीच पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात तो उष्म्याने मरतो. पूर्वेकडील राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांपासून गोगलगाईंमार्फत येणारा एक जंत त्यांच्या मज्जारज्जूत शिरतो आणि पाय लुळे करतो. तिथे अनेक पालक महिन्याला प्रतिबंधक इंजेक्शन देतात. फुकट मिळालेल्या जनावराचा खर्च फुकट नसतो, हे दत्तक घेणाऱ्याला आधीच बजावावे लागते.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे लाडावलेला नर. आईपासून दूर, बाटलीच्या दुधावर आणि माणसांच्या मांडीवर वाढलेले नर पिल्लू माणसालाच स्वजातीय समजू लागते. वयात आले की ते माणसावर तसेच धावून जाते जसे दुसऱ्या नरावर गेले असते : छातीने ढकलणे, चावणे, खाली पाडणे. दीडशे किलोच्या लामाकडून हे होते तेव्हा त्याला घर मिळणे जवळपास अशक्य. तेजीच्या काळात पाहुण्यांना दाखवायला वाढवलेली ही गोंडस पिल्ले होती.

बेकार नराला अमेरिकेत एक रोजगार मात्र सापडला. मेंढ्यांच्या कळपात ठेवलेला एकटा, खच्ची केलेला लामा कोल्हेवजा कायोटींना हुसकावून लावतो. आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात मेंढपाळांकडे चौकशी केली, तेव्हा लामा ठेवल्यावर मेंढ्यांचे वार्षिक नुकसान सुमारे २१ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे आढळले. पेच असा की तो एकटा असेल तरच मेंढ्यांना आपला कळप मानतो. दोन लामा असले की एकमेकांतच रमतात. एकटे जनावर न देण्याचा नियम आणि राखणदार लामाची मागणी यांत संस्थांना दर वेळी निवाडा करावा लागतो. मेंढ्यांची सोबत ही सोबत मानायची का? बहुतेक जणी होय म्हणतात, पण भोवतालचे कुंपण आणि मेंढपाळाचा अनुभव पाहून.

लामा-अल्पाका पंधरा-वीस वर्षे जगतात. तेजीच्या अखेरच्या वर्षांत जन्मलेले खच्ची नर २०२० च्या दशकात म्हातारे झाले. पैदास नाही, लोकर जाडीभरडी, दात झिजलेले. मालकाच्या निधनानंतर कुंपणाशी उभ्या असलेल्या कळपांत आता हेच अधिक सापडतात, आणि दत्तक घेणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव सर्वांत शेवटी असते.