वर्धा योजना आणि आपले गुरुजी

शाळेतून सेवेचे धडे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. नागपूरशेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. हातकामातून शिक्षण द्यावे, असे समितीने सुचविले. पण इशाराही दिला की, नुसत्या उत्पन्नावर नजर ठेवणारा शिक्षक मुलांना राबवील आणि शिक्षण मागे पडेल. म्हणून शिक्षकांसाठी तीन वर्षांचा, व निकडीपुरता एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला. पुढे सेवाग्रामच्या नई तालीममध्ये सफाई हाही अभ्यासच ठरला.

तेव्हा मुलाच्या हाती शाळेत झाडू दिसला तर रागावू नका. मात्र त्यातून तो काय शिकला, हे गुरुजींना अवश्य विचारा.