सेवा कधी गोड, कधी अळणी

ताई, वहिनी, मावशी, रेडिओजवळ बसला असाल तर हातातलं काम चालू राहू द्या आणि कान इकडे द्या. आज आम्ही विमानातल्या बायकांचा इतिहास सांगणार आहोत. विमानाचं आणि आपलं काय, असं वाटेल. पण ही गोष्ट फिरून आपल्याच चुलीपाशी येते.

झालं असं. आमच्या गटाच्या खानावळीत मुंबईच्या एक पाहुण्या बाई आल्या होत्या. नुकत्याच परदेशातून परतल्या होत्या. त्यांनी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं होतं. बिझनेस क्लास म्हणजे विमानाचा पुढचा, पडद्याआडचा भाग. तिकीट मागच्यापेक्षा कितीतरी महाग, खुर्चीचा पलंग होतो, जेवण चिनी मातीच्या ताटलीत येतं. बाई म्हणाल्या, "जाताना मला नावाने हाक मारत होते, हवं नको विचारत होते. येताना बेल वाजवून थकले, कोणी फिरकलं नाही. कंपनी तीच, पैसे तेवढेच." आम्ही हसलो. तर बाई पुढे म्हणाल्या, "तुमच्याकडेही तसंच झालं हो. दिवाळीत आले तेव्हा केवढं अगत्य! आज भाकरी गार आणि सोलकढी विचारायलाही कोणी नाही."

आमचं हसू तिथेच विरलं. त्या दिवशी जिची पाळी होती तिच्यावर सगळ्या चिडल्या. बैठकीत चांगलीच बोलाबोली झाली. त्यानंतर आम्ही विचार करायला लागलो, की सेवा एकदा गोड आणि एकदा अळणी का होते? विमानाच्या इतिहासात याचं उत्तर बरंचसं सापडलं.

जगातली पहिली विमानसेविका एलन चर्च. अमेरिकेतली नर्स. १५ मे १९३० रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोला निघालेल्या विमानात कामाला चढली. तेव्हा लोक विमानाला घाबरत. नर्स सोबत असली की धीर येईल, असा विचार होता. म्हणजे हे काम सुरू झालं ते माणसाला सांभाळण्यासाठी. चहा देणं त्याच्यासोबत आलं.

आपल्याकडे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. कंपनीचे प्रमुख जे. आर. डी. टाटा स्वतः विमानाने प्रवास करत आणि उतरल्यावर टिपणं लिहून पाठवत. चहाचा रंग कसा होता, खुर्ची नीट मागे झुकते का, पडदे कसे दिसतात, सगळं त्यात असे. मिशावाला, पगडीवाला, झुकून नमस्कार करणारा महाराजा ही कंपनीची खूण. ती १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवली. एअर इंडियाच्या पाहुणचाराचं तेव्हा जगात नाव होतं. १९७८ मध्ये सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केलं. घारीसारखी नजर ठेवणारं माणूस गेलं की काय होतं, ते आपल्याला घरात कळतंच. सासूबाई आठ दिवस गावाला गेल्या की डब्यांच्या जागा बदलतात.

पण एका माणसाच्या नजरेवर चाललेली सेवा ही अर्धीच गोष्ट. चित्रात झुकणारा महाराजा पुरुष होता. विमानात बायकाही ट्रे घेऊन फिरत होत्या, आणि त्यांना आपण मराठीत काय नाव दिलं? हवाई सुंदरी. तेच काम करणाऱ्या पुरुषाला कोणी हवाई सुंदर म्हटलं का? शब्दच सांगतो की बाईकडून काय मागितलं जात होतं.

नियमही तसेच होते. एअर इंडियात हवाई सुंदरीने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली. पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी संपली. नाहीतर पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती. पुढे ४५ पर्यंत मुदत वाढू शकत असे, पण ती मोठ्या साहेबांच्या मर्जीवर. पुरुष कर्मचारी मात्र ५८ पर्यंत.

याविरुद्ध नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी बायका कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेच हे वर्ष. कोर्टाने सांगितलं, गरोदर राहिली म्हणून बाईला घरी बसवणं हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे. तो नियम रद्द झाला. मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर ठेवणारा नियमही गेला. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट कोर्टाने राहू दिली. पुरुषांची आणि बायकांची नोकरी वेगळी, म्हणून नियम वेगळे चालतील, असंही म्हटलं. म्हणजे लढाई अर्धी जिंकली.

उरलेली लढाई पुढे बरीच वर्षं चालली. विमानात सगळ्या सेवकांवर एक मुख्य असतो. एअर इंडियात ते पद पुरुषांकडेच होतं. बाई अनुभवाने कितीही मोठी असो, ती पुरुषाच्या हाताखालीच. २००५ मध्ये कंपनीने हे पद बायकांना खुलं केलं, तेव्हा काही पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बायकांच्या बाजूने निकाल दिला. एलन चर्चनंतर ८१ वर्षांनी!

आता पाहुण्या बाईंच्या तक्रारीकडे वळू. विमानात दर फेरीला वेगळा संच असतो. पाळीपत्रकाप्रमाणे माणसं नेमली जातात. कितीतरी वेळा ती एकमेकींना त्याच दिवशी पहिल्यांदा भेटतात. रात्रभर जागरण, त्यात देशोदेशीच्या वेळा वेगळ्या. किमान किती सेवक हवेत हे सुरक्षेच्या नियमाने ठरतं. साधारण ५० खुर्च्यांमागे एक. प्रेमाने किती विचारपूस करायची, याचा असा पक्का नियम करता येत नाही. ते त्या दिवशीच्या माणसावर, तिच्या झोपेवर आणि तिच्या मुख्यावर सोडलेलं असतं. म्हणून जाताना गोड, येताना अळणी.

मग सगळीकडे आणि सगळ्यांना सारखी मिळते अशी सेवा कोणती? जीव वाचवण्याची. निम्मेच दरवाजे वापरता आले तरी ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, असा नियम आहे. त्याचा सराव सेवकांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या विमानतळावर जपानचं एक विमान उतरताना दुसऱ्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आतले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. तिथे पडद्याच्या पुढचे आणि मागचे असा भेद उरला नव्हता. आपल्या मुंबईत राहणारी नीरजा भनोत ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झालेल्या विमानात प्रवाशांना वाचवताना गेली. वय २२. तिला अशोकचक्र मिळालं. त्या दिवशी सुंदरी हा शब्द किती तोकडा होता, बघा.

आपल्या किनाऱ्यालाही हा धडा फार महागात मिळाला आहे. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. ६०० हून अधिक माणसं गेली. अलिबाग, रेवस भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी कोणी परतलं नाही. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. बोटीवर चहा बरा मिळत होता की नाही, हे आज कोणाला आठवतं?

म्हणजे दोन गोष्टी आम्हाला उमगल्या. जिथे नियम आणि सराव पक्का, तिथे सेवा रोज सारखी. जिथे मर्जी, तिथे वर-खाली. आणि सेवा करणाऱ्या बाईलाच नियम नसतील, तिचं आजारपण, बाळंतपण मोजलंच जात नसेल, तर तिच्याकडून रोज तेच हसू मागायचा हक्क आपल्याला कुठून आला?

त्या गार भाकरीच्या दिवशी जिची पाळी होती, तिचं लेकरू रात्रभर तापाने फणफणलं होतं. ती न झोपता कामाला आली, कारण पाळी चुकली की त्या दिवसाचे पैसे बुडणार. तसा नियम आम्हीच केला होता. साहेबाच्या मर्जीला नावं ठेवणाऱ्या आम्ही स्वतः काय करत होतो?

आम्ही नियम बदलला. आता प्रत्येक पाळीला एक बदली बाई ठरलेली असते. घरात आजारपण असेल तर पाळी पुढे सरकते, बुडत नाही. बाळंतपणानंतर गटातली जागा राखलेली असते. पाहुण्याच्या ताटात काय काय असणार, भाकरी तव्यावरून थेट वाढायची, सोलकढी दोनदा विचारायची, हे स्वयंपाकघरात कागदावर लिहून लावलंय. मुंबईचा पाहुणा असो की एसटीचा ड्रायव्हर, ताट एकच. आणि गॅसच्या टाकीला आग लागली तर काय करायचं, याचा सराव महिन्यातून एकदा. पहिल्या वेळी सगळ्या हसत होत्या. आता हसत नाहीत.

आपल्या पनवेल तालुक्यात आता मोठा विमानतळ झाला आहे. आपल्या मुली तिथे कामाला जातील, काही विमानातही चढतील. जरूर जाऊ द्या. फक्त निघताना सांगा, बाळा, गोड बोल, पण नेमणुकीचा कागद आधी वाच. रजा किती, बाळंतपणाचं काय, बढती कोणाला, ते विचार. नर्गेश मिर्झा यांनी विचारलं, म्हणून तुला आज विचारता येतं.

तुमच्या गटात पाळीचा नियम काय आहे? पुढच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचा.