बाळाला ‘मशीनवर’ ठेवलंय म्हणजे नेमकं काय? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास कसा सांभाळतात

‘बाळाला मशीनवर ठेवलंय.’ हे वाक्य फोनवर ऐकलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मशीन म्हणजे व्हेंटिलेटर आणि व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असं आपण गृहीत धरतो. पण नवजात अतिदक्षता विभागातली सगळी मशीन्स सारखी नसतात. अनेकदा ते मशीन बाळाच्या वतीने श्वास घेत नसतं. बाळ स्वतःच श्वास घेत असतं, मशीन फक्त त्याची फुप्फुसं मिटू देत नाही. हा फरक समजला तर घाबरून चुकीचा निर्णय घेण्याची वेळ टळू शकते.

फुप्फुसं ‘कच्ची’ असतात म्हणजे काय?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. २०२० मध्ये जगभरात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख भारतातली होती.

फुप्फुसात हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात आणि त्या आतून ओलसर असतात. ओली प्लॅस्टिकची पिशवी कशी आतून चिकटते आणि उघडता उघडत नाही, तसंच या पिशव्यांचंही होऊ शकतं. ते टाळण्यासाठी फुप्फुसं ‘सरफॅक्टंट’ नावाचा निसरडा पदार्थ तयार करतात. तो साधारण २४व्या आठवड्यापासून बनायला लागतो, पण पुरेसा होतो ३४-३५ आठवड्यांच्या आसपास. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला मिटलेली पिशवी नव्याने उघडावी लागते. काही तासांतच ते दमतं.

म्हणूनच ‘सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसांच्या फायद्याचाच असतो.

त्रास होतोय हे कसं ओळखायचं?

मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, नाकपुड्या फुगणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. बाळाला लगेच रुग्णालयात न्या आणि वाटेत त्याला ऊबदार ठेवा.

राष्ट्राध्यक्षांचं बाळही वाचलं नव्हतं

या आजाराचं मूळ सरफॅक्टंटच्या कमतरतेत आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं. पण उपाय हाताशी नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो होतं. बोस्टनमधले उत्तम डॉक्टर दिमतीला असूनही तो ३९ तासच जगला. आज तेवढ्या दिवसांचं आणि वजनाचं बाळ वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेकदा घरी जातं. मधल्या काळात काय बदललं?

१. सीपॅप: श्वास बाळाचा, आधार मशीनचा

१९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक पद्धत मांडली. बाळाला सतत हलक्या दाबाने हवा द्यायची, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसं पूर्ण मिटत नाहीत. फुगा पहिल्यांदा फुगवायला जोर लागतो, पण थोडी हवा आत राहिली तर पुढचं काम सोपं होतं. तत्त्व तेच. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ वाचली.

आज ही हवा बहुतेकदा नाकातल्या छोट्या नळ्यांतून देतात. ‘बबल सीपॅप’मध्ये बाहेर जाणाऱ्या हवेची नळी पाण्यात बुडवलेली असते. नळी पाण्यात जितके सेंटिमीटर खोल, साधारण तितका दाब. पाण्यात बुडबुडे येत असतील तर दाब टिकून आहे, असं समजतं.

२. सरफॅक्टंट: जे कमी आहे, तेच देणं

१९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेलं सरफॅक्टंट १० बाळांना यशस्वीपणे दिलं. आता हे औषध नळीने थेट श्वासनलिकेत सोडतात. काही ठिकाणी त्यासाठी अगदी बारीक नळी वापरतात आणि त्या वेळीही बाळ सीपॅपवरच राहतं.

३. व्हेंटिलेटर: गरज असेल तेव्हाच

बाळ फारच दमलं, श्वास थांबू लागला किंवा सीपॅप पुरेनासा झाला, तर श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. त्याने जीव वाचतो. पण नाजूक फुप्फुसांना इजाही होऊ शकते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर काढण्याचा प्रयत्न असतो.

मग ऑक्सिजनच वाढवला तर?

पिशव्याच मिटलेल्या असतील तर नुसता ऑक्सिजन पुरत नाही. जास्त झाला तर तो डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरतो. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मले. काचेच्या पेटीतल्या जास्त ऑक्सिजनमुळे बळावलेल्या याच आजाराने त्यांची दृष्टी गेली. म्हणून आज ऑक्सिजन मोजूनमापून देतात. ऑक्सिजनवर असलेल्या खूप लहान बाळांच्या रक्तातली पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांदरम्यान ठेवली जाते. मॉनिटरवर १०० दिसत नाही म्हणून घाबरू नका.

तयारी जन्माआधीही होते

वेळेआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यामुळे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये हे सिद्ध केलं. पण इंजेक्शनला काम करायला वेळ लागतो. म्हणून २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्तस्राव झाला तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

डॉक्टरांना काय विचाराल?

- बाळ स्वतः श्वास घेतंय का? ते सीपॅपवर आहे की व्हेंटिलेटरवर?
- सरफॅक्टंट दिलं का, किंवा द्यावं लागेल का?
- ऑक्सिजन किती लागतोय? कालपेक्षा कमी की जास्त?
- डोळ्यांची तपासणी कधी? (३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची ही तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान बाळांची त्याहूनही लवकर.)
- आईने बाळाला छातीशी उघड्या अंगाने कधी धरायचं? (बाळ स्थिर असेल तर सीपॅप चालू असतानाही हे करता येतं.)

खर्चाच्या धास्तीने उपचार अर्धवट सोडू नका. अनेक जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी ‘एसएनसीयू’ हा विशेष कक्ष आहे. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत. दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर आधी तिथे जागा आहे का, सीपॅप आहे का आणि वाटेत श्वासाचा आधार चालू राहील का, हे विचारा. अशा बाळासाठी तो प्रवासही उपचाराचाच भाग असतो.