जवसाची चड्डी

1950 च्या दशकात प्रागच्या एका चित्रकाराला काम मिळालं: जवसाच्या झाडापासून कापड कसं होतं, ते लहान मुलांना कळेल असं पडद्यावर दाखवा. असल्या कामाचं बहुतेक वेळा काय होतं, हे आपण शाळेत भोगलेलं आहे. भारदस्त आवाजात माहिती सुरू होते, गिरणीची चाकं फिरतात आणि मागच्या रांगेतली मुलं पेंगू लागतात. झ्देनेक मिलरनं मात्र त्या कामातून एक चड्डी शिवून काढली. ती घालणारा प्राणी पुढे सुमारे पन्नास चित्रपटांत वावरला.

मिलर 1921 साली क्लाद्नो या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावात जन्मला. अ‍ॅनिमेशनचं काम तो युद्धकाळात झ्लीनला शिकला. झ्लीन म्हणजे आपल्या पायातल्या बाटाचं माहेर. चपला-बुटांच्या जाहिरातींसाठी बाटानं तिथं स्वतःचा चित्रपट स्टुडिओ थाटला होता. युद्ध संपल्यावर मिलर प्रागच्या ‘ब्रात्री व त्रिकू’ या स्टुडिओत आला. नावात कोटी आहे. ‘त्रिक’ म्हणजे ट्रिक, कॅमेऱ्याची करामत, आणि ‘त्रिको’ म्हणजे अंगातला बनियनसारखा शर्ट. त्यामुळे ‘करामतीतले भाऊ’ आणि ‘बनियनमधले भाऊ’ असे दोन्ही अर्थ निघतात. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेली तीन पोरं हे स्टुडिओचं बोधचिन्ह मिलरनंच काढलं.

तर जवस. कापडाची गोष्ट सांगायला त्याला एक नायक हवा होता, पण उंदीर, बदक, कुत्रा, हरीण हे सगळे डिस्नेनं आधीच पळवलेले. या विचारात तो गावाबाहेर फिरायला गेला आणि मातीच्या एका ढिगाऱ्याला अडखळून पडला. ढिगारा मोल नावाच्या, जमिनीखाली बिळं खणणाऱ्या प्राण्यानं उकरलेला होता. ही हकिगत मिलर स्वतःच सांगत असे, त्यामुळे थोडी घासूनपुसून चकचकीत झालेली असेल, पण मला ती पटते. सुचत नसलं की माणूस खाली बघूनच चालतो.

या प्राण्याला मराठीत नेमकं नाव नाही, कारण तो महाराष्ट्राच्या मातीतच नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे सापडतो. कुणी चिचुंद्री म्हणतात, पण चिचुंद्री वेगळी, आणि ‘मोल’ लिहिलं की वाचणारा किंमत विचारेल. म्हणून चेक लोकांसारखं त्याला कर्तेक म्हणू या.

पहिला चित्रपट 1957 चा, सुमारे 13 मिनिटांचा. नावाचा अर्थ ‘कर्तेकला चड्डी कशी मिळाली’. कर्तेकला खिसे हवे असतात, कारण सापडलेल्या वस्तू दोन हातांत मावत नाहीत. मोठ्ठ्या खिशांची निळी चड्डी त्याच्या मनात भरते. पण खिसे हवेत तर चड्डी हवी, चड्डीला कापड हवं आणि कापडाला धागा. थेट जवसाच्या रोपापर्यंत मागे जावं लागतं. रोप वाढवायचं, मग देठ पाण्यात कुजत घालायचे. तिथं बेडूक मदतीला. अंबाडीचा वाख निघताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त वास येणार नाही. सुकलेले देठ करकोचा चोचीनं मोडतो, काटेरी हेजहॉगच्या पाठीवर धागे विंचरले जातात, कोळी सूत काततात, बेरीच्या रसानं त्याला निळा रंग चढतो, मुंग्या कापड विणतात. बेतायला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडीचा भाऊबंद. शिवायला वटवट्या. आपल्याकडे शिवणकाम न विचारता शिंपी पक्ष्याकडेच गेलं असतं.

आणि जवसही आपलाच की. विदर्भात पिकतो तो याच जातीचा, फक्त बुटका, फांद्या फुटलेला, तेलाचा. धाग्यासाठीचा उंच आणि सरळ वाढतो. त्यांनी त्याची चड्डी केली, आपण चटणी.

हे सगळं पाहताना मला आपल्या उंदराची टोपी आठवते. त्यालाही चिंधी सापडते, तोही धोब्याकडे, रंगाऱ्याकडे, शिंप्याकडे जातो. पण उंदराला तयार कापड मिळालेलं असतं आणि काही घरांत सांगतात त्या गोष्टीत तो कारागिरांना दम देऊन काम करवून घेतो. टोपी डोक्यावर चढली की थेट राजालाच डिवचायला निघतो. गंमत सगळी त्या उद्धटपणात आहे. कर्तेक कुणालाच डिवचत नाही. गोष्टीत खलनायक नाही. अडचण एकच, की काम लांबलचक आहे. या चित्रपटांचा सौम्यपणा मिलरच्या स्वभावातून आला असेलही, पण मला वाटतं तो आधी त्या विषयातूनच आला. कुजवण्याला, विंचरण्याला, विणण्याला घाई चालत नाही. धागा दाखवायचा तर चित्रपटालाही धाग्याच्या चालीनं चालावं लागतं.

व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचं कौतुक झालं. पहिल्या चित्रपटात कर्तेक बोलतो. पुढे मिलरनं बोलणं जवळजवळ काढूनच टाकलं, कारण गोष्ट कुठल्याही देशातल्या मुलाला कळायला हवी होती. उरले ते हुंकार, उसासे आणि खिदळणं. त्यासाठी आवाज दिला त्याच्या मुलींनी. चित्रपट आधी त्यांनाच दाखवायचा आणि त्यांना कळला का ते पाहायचं, ही त्याची परीक्षा. जर्मनीत कर्तेक घराघरांत पोचला, तो ‘माउस’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातून. तिथं भाषांतराला फारसं काही उरलेलंच नव्हतं.

पुढच्या भागांत मोटारगाडी आली, अग्निबाण आला, ट्रान्झिस्टर आला, बुलडोझर आला. 1982 च्या भागात तर जंगल तोडून शहर उभं राहतं. अग्निबाणाची हौस 2011 च्या मे महिन्यात खरोखरच फिटली: अंतराळवीर अँड्र्यू फ्यूस्टेल यानं कर्तेकचं बाहुलं एन्डेव्हर यानातून अंतराळात नेलं. फ्यूस्टेलच्या बायकोची आई मूळची चेक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिलर गेला.

एक गोष्ट मात्र राहिलीच. एवढ्या खटाटोपानं मिळवलेली चड्डी पुढच्या भागांत दिसत नाही. कर्तेक उघडाच हिंडतो. माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीच्या हे दुसऱ्याच भागात लक्षात आलं. मी काहीतरी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच निकाल लावला: धुवायला टाकली असेल.