तूर व्यापार, पूर्व आफ्रिका–भारत

मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून भारतात होणारी तुरीची निर्यात. संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक वर्गीकरणात हे तिन्ही देश पूर्व आफ्रिकेत मोडतात. केनियातही तूर पिकते, पण तिथे हिरव्या शेंगांसाठी आणि घरच्या खाण्यासाठीच तिचा बराचसा भाग उपयोगी पडतो. उरलेल्या तिघांची सुकी तूर मुख्यतः एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, आणि या व्यापारातील बहुतेक चढउतार त्यातून आले आहेत.

व्यापाराला आधार आहे तो हंगामांच्या फरकाचा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तूर नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरतात आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये काढतात. भारतातील खरिपाची तूर डिसेंबरअखेरीपासून बाजारात येऊ लागते. त्यामुळे आफ्रिकेचा माल पोचतो तेव्हा इकडचे जुने साठे आटत आलेले असतात. तिकडे हे पीक प्रामुख्याने लहान शेतकऱ्यांचे. मक्यात आंतरपीक म्हणून ते घेतले जाते आणि त्यावर खत-औषधांचा खर्च फारसा होत नाही. मोझांबिकमध्ये नांपुला आणि झांबेझिया प्रांतांत, टांझानियात दक्षिणेला लिंडी-म्त्वारा व उत्तरेला बाबाटी परिसरात त्याचा जोर आहे. मोझांबिकचा माल नकाला आणि बैरा बंदरांतून निघतो. मलावीला समुद्र नसल्याने तोही याच बंदरांचा आधार घेतो. मुंबईच्या बाजारात या तुरीचे ‘अरुषा’, ‘मटवारा’, ‘गजरी’ असे वेगवेगळे भाव निघतात आणि म्यानमारच्या ‘लेमन’ तुरीशी तिची स्पर्धा असते. देशी तूर महागली की अकोला-लातूरच्या डाळ मिल या मालाकडे वळतात.

2015 मध्ये भारतात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. त्यानंतर जुलै 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: 2016-17 मध्ये 1 लाख टनांपासून सुरुवात करून 2020-21 पर्यंत 2 लाख टन कडधान्य आयात करायचे. पण करार अमलात येईतो चित्र पालटले. चांगला पाऊस आणि चढ्या भावांची आशा यांमुळे भारताचे तूर उत्पादन 2015-16 मधील सुमारे 26 लाख टनांवरून पुढच्याच वर्षी 48 लाख टनांपुढे गेले. महाराष्ट्रात भाव हमीभावाखाली घसरले आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. मार्च 2017 मध्ये 10 टक्के आयात शुल्क बसले. 2008 च्या योजनेनुसार अल्पविकसित देशांना शुल्कसवलत असल्याने या तिघांना त्याची झळ फारशी लागली नाही. खरा फटका बसला तो ऑगस्टमधील कोट्याने. खासगी आयात वर्षाला 2 लाख टनांवर रोखली गेली, तीही आफ्रिकेत काढणी चालू असताना. करारातील माल त्यातून वगळला असल्याने मोझांबिक काही अंशी सावरला. टांझानियात मात्र भाव कोसळले. मलावीशी वर्षाला 50 हजार टनांचा करार झाला तो 2021 मध्ये. त्याच वर्षी मोझांबिकचा करार 2 लाख टनांवर आणखी पाच वर्षे वाढला आणि मे महिन्यात कोटाही उठला. पुढे ही मोकळीक मुदतवाढीनेच चालू राहिली. प्रत्येक मुदतवाढीला महाराष्ट्रातील शेतकरी संघटनांचा आक्षेप असतो. काढणीच्या तोंडावर आलेली आयात देशी भाव पाडते, असे त्यांचे म्हणणे.

अडचण दुसऱ्या बाजूनेही येऊ शकते. 2023 च्या अखेरीस भारतात भाव चढले असताना निर्यातदारांच्या आपसांतील न्यायालयीन वादामुळे नकाला बंदरात माल अडकून पडला होता.

भारत मुख्यतः अख्खी तूरच घेतो, त्यामुळे भरडाईचा नफा इकडच्या मिलना मिळतो. मलावीत डाळ मिल आहेत आणि तिथली डाळ ब्रिटनसारख्या, भारतीय वंशाची वस्ती असलेल्या देशांत विकली जाते. पण हा व्यापार भारताच्या खरेदीपुढे फार लहान आहे.