मधली पायरी

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज लागते. राजधानीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला ही वस्ती फारशी परकी वाटत नाही. बृहन्महाराष्ट्र भवन येथे आहे, नूतन मराठी शाळाही येथेच आहे. अशा घरांतून शिक्षणाचा जिना ठरलेला असे. आधी बी. ए., मग एम. ए., आणि पैसा व धीर उरला तर डॉक्टरेट. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या जिन्याची मधली पायरी ऐच्छिक केली. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास पीएच. डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र ठरविण्यात आले. मागास व अन्य काही वर्गांसाठी ५ टक्क्यांची सवलतही ठेवण्यात आली. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांचा पदवीक्रम सुरू केला.

पुष्कळांना हे धाडस वाटले. परंतु इतिहास पाहिला तर मधली पायरी अनादि नाही, असे दिसते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, त्या वेळी तेथे पीएच. डी. ही पदवीच नव्हती. ती पहिल्या महायुद्धानंतर आली. केंब्रिजची एम. ए. तर परीक्षा देऊन मिळत नाही; बी. ए. झालेल्यास काही वर्षांनी ती रीतीप्रमाणे दिली जाते.

जयंत विष्णु नारळीकर यांचे उदाहरण येथे मननीय आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले नारळीकर १९५७ साली काशी हिंदू विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले आणि केंब्रिजला गेले. १९५९ साली तेही सीनियर रँग्लर ठरले. पुढे फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. एम. एस्सी. त्यांच्या वाटेत आलीच नाही.

मात्र एवढ्यावरून पायरी निरर्थक ठरवू नये. रँग्लर झाल्यावर त्यांनी आणखी एक वर्ष गणिताच्या तिसऱ्या भागाचा कठोर अभ्यास केला आणि १९६० साली खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक मिळविले. पदवीचे नाव गळले होते, अभ्यास गळला नव्हता. शिवाय वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः रँग्लर आणि काशीस गणिताचे प्राध्यापक; घरातच विद्येचे वातावरण होते.

पहाडगंजातील कारकुनाच्या मुलीपाशी हे भांडवल असेलच असे नाही. तिच्यासाठी वाचलेले एक वर्ष म्हणजे वाचलेली फी आणि लवकर हाती येणारी शिष्यवृत्ती. पण संशोधन अर्ध्यावर सुटले, तर हाती केवळ पदवी उरते. अध्यापनाची पुष्कळ दारे मात्र आजही एम. ए.च्याच किल्लीने उघडतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट डॉक्टरेटला प्रवेश मिळतो. पण तेथे आरंभीची वर्षे वर्गातील अभ्यासाची असतात आणि मध्येच थांबणाऱ्यास बहुधा मास्टर्सची पदवी देऊन निरोप दिला जातो.

आपल्याकडेही प्रश्न असा विचारला पाहिजे: चौथ्या वर्षात विद्यार्थ्यास ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वेळ देणारा गुरू मिळतो काय? तो मिळत असेल, तर मुलीला थेट पुढे जाऊ द्यावे. मिळत नसेल, तर एम. ए.चे वर्ष वाया गेले असे कोणी समजू नये.